कैद्याला कसली आली तक्रार?

अमळनेरला बसस्टँडजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा किशोर चांगलाच तापला. कुठल्याशा कैद्याच्या याचिकेची बातमी होती. "काय भो, गुन्हा करायचा, आयती भाकर खायची आन वरून सरकारवरच केस टाकायची? सगळ्या सुटायच्या पळवाटा!"

"आधी मले सांग, आत बसलेल्या सगळ्यांचा गुन्हा सिद्ध झालाय का?" मी विचारलं. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकालच नाही.

"पक्क्यांचं बोल," किशोर म्हणाला.

पक्क्याचंच घ्या. तिहारमधल्या सुनील बत्राला फाशीची शिक्षा झालेली. त्याने सुप्रीम कोर्टाला पत्र धाडलं, ते स्वतःसाठी नव्हे. एका वॉर्डरने, म्हणजे जेलच्या पहारेकऱ्याने, दुसऱ्या कैद्याचे हाल केले होते, त्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळायला. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि डिसेंबर १९७९ मध्ये निकाल दिला. त्या पत्रात बत्राने आपली सुटका मागितलीच नव्हती. याचिका म्हणजे सुटायची पळवाट, हा समज म्हणूनच मला पटत नाही. कोर्टाने कैद सुनावलेली असते, मारहाण नाही.

बिहारच्या रुदुल साहचं तर ऐकवत नाही. १९६८ साली निर्दोष सुटला आणि जेलबाहेर आला १९८२ साली! कोर्टात अर्ज गेला तेव्हा कुठे दार उघडलं. चौदा वर्षांची भरपाई सगळी मिळून ३५ हजार रुपये.

"आन ज्याच्या घरचा माणूस मेला, त्याने काय करायचं?" किशोरचा आवाज चढला. प्रश्न खरा आहे, तो कोणी उडवून लावू नये. पण त्या घराला न्याय द्यायचा तो खटल्यातून, शिक्षेतून. वॉर्डरच्या काठीने त्यांच्या पदरात काय पडतं? किशोरला हे पटलं नाही. बराच वेळ आम्ही भांडलो.

सलीम तोवर गप्प होता. त्याच्या गल्लीतला पोरगा आत आहे, घरच्यांकडे वकिलाला पैसे नाहीत. त्याला म्हटलं, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज जेलमधूनही करता येतो.

"घरच्यांनी कुठं जायचं?"

"कोर्टात, तालुका विधी सेवा समितीकडे. केस नंबर आणि कलमं लिहून ने."