स्पोर्ट्स कार म्हणे!

माझ्या गाडीला दोनच दारं, मागे स्पॉयलर, सायलेन्सरची दोन जाडजूड नळकांडी, सीटला लाल दोऱ्याची शिवण. आणि इंजिनाची सगळी ताकद जाते कुठे? पुढच्या चाकांना! गाडी वळवायची त्यांनीच, ब्रेकचा बराचसा भार घ्यायचा त्यांनीच, वरून आता ओढायचंही त्यांनीच. वरून कीर्तन, आतून तमाशा.

सिग्नल सुटला, पाय दाबला. गाडी पुढे झेपावली की वजन मागे सरकतं, हे शाळेतलं विज्ञान आहे. म्हणजे जोर लावायच्या नेमक्या क्षणी पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरत बसतात. ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो, कॉम्प्युटर इंजिनाचा गळा आवळतो आणि शेजारची साधी गाडी निघून जाते. रस्ता ओला असेल तर विचारूच नका. मागच्या चाकांवर वजन आलेलं, पकड भरपूर, पण त्यांना कामच नाही.

बरं, कशीबशी पकड मिळाली, टर्बो जागा झाला, की स्टिअरिंग हिसके मारायला लागतं. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या एका टोकाला, म्हणून एका चाकाचा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे ताकद नेणारा दांडा, लांब आणि दुसऱ्याचा आखूड. दोघांचे कोन वेगळे, पीळ वेगळा, मग गाडी एकीकडे ओढणारच. रस्त्यावर जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्या असल्या की आणखी मजा. सरळ रस्त्यावर सरळ जाण्यासाठी दोन्ही हातांनी भांडायचं, आणि वर कोणीतरी शहाणा सांगणार, ‘अरे, हेच तर या गाडीचं कॅरेक्टर!’ कॅरेक्टर कसलं डोंबलाचं?

वळणावर तर रोजचं रडगाणं. टायरची पकड मोजकी असते, ती वळण्यात खर्च करा नाहीतर ओढण्यात. जरा लवकर गॅस दिला की नाक वळणाबाहेर निघतं, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. आतलं चाक हलकं झालेलं असतं, दोन चाकांत ताकद वाटणारं साधं डिफरन्शियल ती तिकडेच सोडतं, आणि ते चाक नुसतं रबर जाळतं. यावर उपाय म्हणजे खरा, यांत्रिक एलएसडी, म्हणजे हलक्या चाकाला सगळी ताकद उधळू न देणारा डिफरन्शियल. तो माझ्या गाडीत दिलाच नाही. त्याऐवजी आतल्या चाकाला हळूच ब्रेक लावायचं सॉफ्टवेअर, आणि त्याला भारदस्त नाव. वळणातून जोरात बाहेर पडायचं म्हणून ब्रेक! असली अक्कल कुठून आणतात हे लोक?

पुढच्या चाकांवरच शर्यती जिंकणाऱ्या मिनीची कोणी मला आठवण करून देऊ नका. मिनीने 1964, 1965 आणि 1967 ची माँटे कार्लो रॅली मारली, माहीत आहे. ती चिमुकली आणि हलकी होती. 1995 ची होंडा इंटिग्रा टाइप आर? तिला एलएसडी होतं. 2023 मध्ये होंडाच्याच सिव्हिक टाइप आरने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकची फेरी 7 मिनिटं 45 सेकंदांच्या आत मारली, तीही पुढच्याच चाकांवर. पण तिथे पुढचं सस्पेन्शन मुद्दाम असं रचलंय की इंजिनाच्या पिळाने स्टिअरिंग ओढलं जाऊ नये, आणि एलएसडी आहेच. म्हणजे दुखणं माहीत आहे, औषधही माहीत आहे. माझ्या गाडीवाल्या कंपनीने फक्त खर्च केला नाही. घरगुती हॅचबॅकचा सांगाडा उचलला, त्यावर टोकदार पत्रा चढवला आणि पाटी लावली ‘स्पोर्ट’.

पुढे सगळं कोंबलं की मागे जागा मोकळी राहते, मागच्या चाकांकडे दांडा न्यायला मधला बोगदा लागत नाही, गाडी स्वस्तात बनते. पाच माणसांच्या गाडीत हे उत्तमच, माझी तक्रार नाही. पण इथे मागची सीट बॅग टाकायच्याच लायकीची आहे. मग जागा वाचवली कोणासाठी?

आणि टायर! पुढच्या टायरवरून हात फिरवला तर बाहेरची कड खरवडल्यासारखी, नक्षी जवळजवळ गुळगुळीत. मागच्यावर साच्यातून निघतानाचे बारीक रबरी केस कडेला अजून तसेच. सर्व्हिसवाले थंडपणे सांगतात, ‘रोटेशन करून घ्या साहेब, पुढचे मागे टाका.’ वा! झिजलेले टायर मागे टाकले तर ओल्या वळणावर नुसता पाय उचलला तरी शेपूट सुटणार. नवे घ्यायचे तर पुढची जोडी दरवेळी आधी संपणार, आणि हे असले रुंद, महागडे टायर पुन्हा त्याच चाकांवर जाळायला विकत घ्यायचे. बरं, एवढं जाळून वेग तरी मिळावा ना!