दोन आठवड्यांच्या कोर्सवाल्यांच्या हातात क्लायंट देऊ नका

सध्या लॉच्या मुलांच्या ग्रुप्सवर मायग्रेशन लॉच्या (म्हणजे निर्वासित आणि स्थलांतरितांच्या कायद्याच्या) दोन-दोन आठवड्यांच्या इंटरनॅशनल कोर्सची पोस्टर्स धडाधड फिरतायत. चार-पाच देशांतली विद्यापीठं मिळून घेतात, अर्धा ऑनलाइन, अर्धा तिथे जाऊन, शेवटी सर्टिफिकेट, आणि पोस्टरवर सगळ्यात ठळक काय असतं तर ‘लीगल क्लिनिकमध्ये खऱ्या क्लायंटसोबत काम करायची संधी’. मी असा कोर्स केलाय आणि नंतर क्लिनिकच्या फायलींवर कामही केलंय, त्यामुळे मेसेज येतात की करावा का. करा की, जरूर करा. पण ते ठळक वाक्य आहे ना, माझं भांडण त्याच्याशीच आहे.

क्लिनिक म्हणजे काय हे माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. लॉचे विद्यार्थी वकिलाच्या देखरेखीखाली खऱ्या लोकांना कायद्याची मदत करतात आणि त्यातून शिकतात, ते लीगल क्लिनिक. मेडिकलची मुलं वॉर्डात पेशंट बघून शिकतात, मग वकिलीच फक्त पुस्तकातून का शिकवायची, हा प्रश्न अमेरिकन वकील जेरोम फ्रँक यांनी १९३३ मध्येच विचारला होता. अमेरिकेत ही कल्पना खरी पसरली ती १९६८ नंतर, फोर्ड फाउंडेशनने पैसा ओतल्यावर. जर्मनीत तर गंमतच, तिथे वकील नसलेल्याने फुकटसुद्धा कायदेशीर सल्ला देण्यावर बंधनं होती, २००८ च्या कायद्याने सांगितलं की पात्र वकिलाच्या मार्गदर्शनाखाली असेल तर द्या, आणि मग २०१५ ला निर्वासित मोठ्या संख्येने आले तेव्हा विद्यापीठाविद्यापीठात रेफ्युजी लॉ क्लिनिक उभी राहिली. मुलांनी स्वतः उभी केलेली, बरीचशी. मला याचं कौतुकच आहे.

आणि गरज तर प्रचंड आहे. युएनएचसीआरच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशोबाने २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख लोक जबरदस्तीने विस्थापित झालेले होते. त्यातले बहुतेक आपापल्या देशातच इकडून तिकडे झालेले, पण जे सीमा ओलांडून दुसऱ्या देशात आसरा मागतात त्यांच्यासमोर अर्ज, मुलाखत, अपील अशी लांबलचक लाइन असते आणि तीही परक्या भाषेत. अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात वकील ठेवायचा हक्क आहे, पण स्वतःच्या खर्चाने, सरकार देत नाही. तिथल्या केसेसचा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये आला होता, त्यात वकील असलेल्यांपैकी ४५.६ टक्के लोकांना आश्रय मिळाला आणि वकील नसलेल्यांपैकी १६.३ टक्क्यांना. आता यावर कुणी म्हणेल की वकील मुळात दमदार केसच घेतात म्हणून आकडा फुगतो, असेल थोडंफार तसं. तरी जवळजवळ तिप्पट फरक आहे हो.

कोर्समधला थिअरीचा भाग ठीकठाक असतो, त्याबद्दल फार बोलत नाही. १९५१ चं निर्वासित कन्व्हेन्शन (निर्वासितांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार), त्याला जोडलेला १९६७ चा प्रोटोकॉल, छळाची साधार भीती, त्या भीतीची पाच कारणं (वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत), आणि कलम ३३, म्हणजे जिथे माणसाच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे त्याला परत ढकलायचं नाही. हे सगळं हुशार मुलगा आठवड्यात पाठ करतो. आमच्या वर्गात कन्व्हेन्शनवर सही केलेल्या देशांतली मुलं होती आणि न केलेल्या देशांतलीही, त्यांच्यात जी जुंपायची ती मात्र पैसे वसूल.

खरी मेख आहे ती माणसाची हकीकत लिहून घेण्यात. आम्हाला सरावाला एक नमुना फाइल दिली होती, अफगाण माणूस, परदेशी संस्थेत कामाला, धमकीचं पत्र आलं, नोकरी सोडली, देश सोडला. तो दुभाष्यामार्फत सांगतो की पत्र १३९८ च्या दल्व महिन्यात आलं. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात तल्लख मुलाने ताबडतोब ६२१ मिळवले, २०१९ काढलं, दल्व म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारी हे त्याने गुगल करून ठेवलंच होतं, झालं, लिहून टाकलं ‘फेब्रुवारी २०१९’. पण अफगाण वर्ष सुरू होतं मार्चमध्ये, नवरोजला. १३९८ सुरू झालं मार्च २०१९ ला आणि दल्व हा त्यातला अकरावा महिना, म्हणजे पत्र आलं २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत. एका वर्षाची चूक. आता फायलीत संस्थेचं पत्र आहे की हा माणूस फेब्रुवारी २०२० पर्यंत कामावर होता. अधिकारी पहिला प्रश्न काय विचारणार? जिवाची भीती होती म्हणता, मग वर्षभर रोज त्याच ऑफिसला कसे जात होतात? संपलं. खरं बोलणारा माणूस खोटा ठरला, आणि एकदा विश्वासार्हता गेली की अपिलात ती परत मिळवणं महाकठीण, कारण पहिला जबाब रेकॉर्डवर असतो आणि पुढचा प्रत्येक जबाब त्याच्याशी ताडून बघतात. दुरुस्ती केली तरी ‘आता वकिलाने शिकवलं’ असं म्हणायला मोकळे.

ती चूक आमच्या सुपरवायझर वकीलबाईंनी एका नजरेत पकडली. हुशारीचा प्रश्नच नाही, त्यांनी तसल्या फायली वर्षानुवर्षं बघितल्यात. इथिओपियाच्या माणसाचं वर्ष आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे आणि महिने तेरा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आणि ही नुसती तारखेची भानगड. नवऱ्यासमोर बाई काय बोलणार नाही, दुभाष्या त्याच गावचा निघाला तर माणूस काय गिळून टाकेल, लहान मुलाला आईचं दुभाषेपण का करू द्यायचं नाही, कुठे थांबायचं आणि पाणी द्यायचं, हे दोन आठवड्यांत येत नाही. माणसाला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र परत सांगायला लावायची आणि ती नवख्याने अर्धवट लिहिली म्हणून पुन्हा दुसऱ्यासमोर सांगायला लावायची, याला मी तरी शिक्षण म्हणत नाही.

लगेच कुणीतरी ‘बघा, विद्यार्थीही केस लढवतात’ म्हणत कसिंगाची केस तोंडावर फेकेल म्हणून आधीच सांगते. टोगोची फौझिया कासिंजा, जननेंद्रिय-छेदन आणि जबरदस्तीच्या लग्नातून पळून १९९४ च्या शेवटी अमेरिकेत पोचली, वय १७, थेट डिटेन्शनमध्ये, म्हणजे कोठडीत. (आडनावसुद्धा सरकारी कागदावर चुकीचं पडलं आणि केस त्याच नावाने प्रसिद्ध झाली.) तिची बाजू पहिल्यांदा मांडली ती एका लॉच्या विद्यार्थिनीने, जीव तोडून मांडली, आणि केस हरली. अपील घेतलं अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकने, तिथे होत्या कॅरन मुसालो, या क्षेत्रात मुरलेल्या, आणि जून १९९६ मध्ये निर्णय फिरला, असा छळही आश्रयाचं कारण होऊ शकतो हे त्या निकालाने तिथे पक्कं केलं. ती विद्यार्थिनी नसती तर केस उभीच राहिली नसती हे खरंच. पण जिंकली कधी, तर मागे जुनंजाणतं माणूस आणि पूर्ण क्लिनिक उभं राहिल्यावर. ही गोष्ट सांगताना लोक दुसरा अर्धा भाग गाळतात.

हैतीच्या केसमध्येही तेच. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीच्या लॉच्या मुलांनी प्राध्यापक हॅरॉल्ड कोह आणि बाहेरच्या अनुभवी वकिलांसोबत हैतीहून पळून आलेल्यांसाठी थेट अमेरिकन सरकारला कोर्टात खेचलं. समुद्रात अडवून परत पाठवलेल्या हैतियन लोकांबद्दलचा भाग सुप्रीम कोर्टात ८ विरुद्ध १ असा हरले, कोर्ट म्हणालं कलम ३३ भर समुद्रात लागूच होत नाही. पण ग्वांटानामोच्या अमेरिकन तळावर एचआयव्हीमुळे अडकवून ठेवलेल्या दोनशेहून जास्त लोकांचा भाग खालच्या कोर्टात जिंकले, त्याच महिन्यात, जून १९९३, आणि ती माणसं सुटली. (समुद्राच्या मुद्द्यावर युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने २०१२ मध्ये हिरसी केसमध्ये इटलीविरुद्ध बरोब्बर उलटी भूमिका घेतली, वेगळ्या कराराखाली, आणि एकमताने. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, अख्ख्या सेमिस्टरएवढं शिकाल.) सांगायचा मुद्दा, ती मुलं महिनोन्‌महिने त्या केसला चिकटून होती. समर स्कूलला येऊन ग्रुप फोटो काढून गेली नव्हती.

मग छोट्या कोर्सच्या मुलांनी काय करायचं, नुसती लेक्चरं ऐकायची का? अजिबात नाही. त्यांना देशांची माहिती काढायला लावा. अमुक प्रांतात अमुक वर्षी कुणाचा ताबा होता, तिथले पोलीस तक्रार घेतात का, अमुक जमातीच्या लोकांना राजधानीत जाऊन सुरक्षित राहता येतं का, याचे पुरावे शोधून, तारखांसह लावून देणं हे काम प्रत्येक फायलीला लागतं, वकिलांना त्यासाठी वेळ मिळत नाही आणि वेगवेगळ्या देशांतून आलेल्या, वेगवेगळ्या भाषा वाचणाऱ्या मुलांइतकं ते कुणालाच चांगलं जमणार नाही. अरबी वाचणारी मुलगी स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी दहा मिनिटांत काढते, इंग्रजीवाला दिवसभर शोधतो. शिवाय घटनाक्रम तयार करणं, विसंगती शोधणं, मुलाखतीचा सराव करायचा तर नटाला किंवा सहकाऱ्याला समोर बसवून करणं. क्लायंटला हात न लावता क्लायंटच्या कामाला येणारं इतकं काम पडलेलं असतं.

माझा एक मित्र म्हणतो तू फार सोवळं पाळतेस, कुणीच नाही त्यापेक्षा अर्धवट शिकलेला विद्यार्थी बरा. अन्न वाटायचं असतं तर मी मान्य केलं असतं. इथे अर्धवट लिहिलेला जबाब आयुष्यभर त्या माणसाच्या मागे फिरतो. अर्ज भरायला मदत, अपॉइंटमेंटला सोबत जाणं, पत्रातला मजकूर समजावून सांगणं, हे करू दे ना खुशाल, तिथे कुणी अडवलंय.

तर आता फॉर्म भरणाऱ्यांनो, पैसे भरण्याआधी आयोजकांना एक ईमेल टाका. सुपरवायझर पूर्णवेळ आहे की प्राध्यापक महाशय लेक्चर संपवून डोकावणार? एका सुपरवायझरमागे मुलं किती? दुभाषे बाहेरचे, प्रशिक्षित, की वर्गातल्याच कुणालातरी बसवणार? क्लायंटची माहिती कुणाच्या लॅपटॉपवर राहणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोर्स संपून तुम्ही विमानात बसल्यावर ती फाइल कुणाच्या टेबलावर असणार, कारण आश्रयाची केस वर्षानुवर्षं चालते आणि युनिव्हर्सिटीला सुट्ट्या लागतात. उत्तर नावानिशी आलं तर बिनधास्त जा. ‘आमची टीम बघेल’ असं आलं तर थिअरीपुरतं जा, आणि क्लायंटसमोर बसवायला लागले तर सरळ नाही म्हणा.