फक्त हरलेली रक्कम मोजून भागत नाही

नमस्कार दादा,

मटका आणि मोबाईलवरच्या रमीबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की खरे व्यसनी शंभरात दोन-चार, त्यांच्यापायी बाकीच्यांना कशाला झोडपायचं? आणि नुकसान मोजायचंच तर किती पैसे हरले ते सांगा, बाकी सगळं भावनेचं. यातलं दुसरं मला अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

व्यसनी मोजायची पद्धत आहे. २००१ साली कॅनडात नऊ प्रश्नांची चाचणी तयार झाली, ती आज अनेक देशांत वापरतात. परवडत नाही इतके पैसे लावले का, हरलेले काढायला पुन्हा खेळायला गेलात का, उसने घेतले किंवा काही विकलं का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज आठ किंवा त्याहून जास्त झाली की माणूस गंभीर गटात, त्याहून थोडे गुण मिळाले तर कमी किंवा मध्यम धोक्याच्या गटात. पण उत्तरं देणार कोण, तर खेळणारा स्वतः. त्याच्या बायकोला यात कुणी काही विचारत नाही.

तासगावकडच्या एका घरातलं सांगते. बेदाण्याचे पैसे खात्यावर आले आणि आठवड्याच्या आत फोनमधून गेले. औषध दुकानाची उधारी फेडायला बायकोनं बचत गटातून स्वतःच्या नावावर कर्ज उचललं. हप्ते थकले, तेव्हा गटातल्या बाकीच्या बायकांना आपल्या पदरचे भरावे लागले. त्यांतल्या एकीनंही कधी पैसे लावून पत्ते खेळलेले नाहीत. नवऱ्यानं पुढं खेळणं सोडलं. कर्ज आहेच, आणि पोरीचं नर्सिंगचं ॲडमिशन त्या वर्षी हुकलं ते हुकलंच. तुमच्या हिशोबात या घरापुढं एकच आकडा येईल, बेदाण्याच्या पैशांचा.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१६ साली हे जरा नीट मोजलं गेलं. पैसा, नाती, मन, तब्येत, काम-शिक्षण, गुन्हे अशा बाजूंनी नुकसानीची यादी केली आणि आजारामुळं निरोगी आयुष्य किती घटतं हे मोजतात, त्याच पद्धतीनं तिचा भार काढला. एकूण नुकसानीपैकी सुमारे ८५ टक्के कमी आणि मध्यम धोक्याच्या खेळणाऱ्यांच्या वाट्याला आलं, व्यसनी गटाकडं फक्त १५. एकेकाचं नुकसान व्यसन्यापेक्षा कमीच, पण माणसं कितीतरी पट जास्त. म्हणजे तुमचे दोन-चार बाजूला काढले तरी बहुतेक नुकसान जिथल्या तिथं राहतं.

या आकड्यावर टीकाही झाली आहे, तीही सांगायला हवी. सिनेमाला जायचे पैसे गेले, थोडा पस्तावा झाला, हेही नुकसान धरायचं का, असं काही संशोधक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण ही टीका हलक्या नुकसानीबद्दल आहे. थकलेला हप्ता आणि गेलेलं शिक्षणाचं वर्ष त्यात बसत नाही.

'आता बंदीच आली, मग मोजायचं कशाला' असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला, हे खरं. मटका तर १८८७ च्या जुगारबंदी कायद्यानं बेकायदा आहे, तरी आकडा लावणारे तुम्हालाही माहीत आहेत आणि मलाही. म्हणून माझं म्हणणं, मोजणी खेळणाऱ्यापासून सुरूच करू नये. बचत गटाच्या बैठकीत विचारावं, सोसायटीच्या सचिवाला थकबाकीचं कारण विचारावं, सोनं तारण ठेवायला आलेल्या बाईला विचारावं. मिरज-तासगाव पट्ट्यातल्या चार गावांत एवढं जरी केलं, तरी तुम्ही मागता तो आकडा मिळेल, आणि तो हरलेल्या रकमेपेक्षा मोठा असेल.