जितकं गरम, तितका गुण?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा आलेला मेसेज : ‘पाय मुरगळला की लगेच गरम विटेनं शेका. बर्फानं रक्त साकळतं, जन्माचा वात धरतो. जितकं गरम, तितका लवकर गुण. भाजलं तर मात्र बर्फ चोळा.’ परवा पुतण्या सोयाबीनच्या वल्ल्या धुऱ्यावरून घसरला आणि हाच मेसेज वाचून वीट चुलीत गेली. दिवेलागणीपर्यंत घोटा वांग्याएवढा झाला.

होणारच. मुरगळल्यावर सांध्याचे बंध ताणतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आत रक्त-पाणी झिरपतं. शेकानं वाहिन्या फैलावतात, झिरपणं वाढतं. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणंही नको. चार पावलंही टाकता येईनात, तर आधी एक्स-रे.

बर्फानं रक्त साकळतं म्हणे! काळंनिळं पडतं ते मारानं. बर्फ वाहिन्या आकसवतो, ठणका बधिर करतो. वाताचा त्याच्याशी संबंध नाही. रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं पुरे, नुसता खडा धरून बसलात तर कातडी पोळते. पण बर्फवाल्यांनीही फार उडू नये. ‘आराम, बर्फ, दाब, पाय उंच’ हे सूत्र १९७८ मध्ये मांडणारे डॉ. गेब मिर्किन पुढं स्वतःच म्हणाले की, बर्फानं जखम भरून येणं लांबू शकतं. तेव्हा बर्फ ठणक्यापुरता.

विटेशी माझं वैर नाही. कापूस वेचून कंबर धरली, उसण भरली, सकाळी गुडघे आखडले, तर तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी झकास.

‘जितकं गरम’ हे मात्र सगळ्यात घातक. माझ्या मावशीला बारा वर्षांची शुगर, तळपाय बधिर. फडक्यात गुंडाळलेल्या विटेवर टाच टेकवून ती टीव्ही बघत बसली. तिला काहीच कळलं नाही. फडकं करपल्याचा वास सुनेला आला. टाचेला रुपयाएवढा फोड, आणि तो भरायला तीन महिने. शुगरवाल्यांचा शेक आधी दुसऱ्याच्या हातानं तपासायचा.

भाजल्यावर बर्फ? नाही. टूथपेस्टही नाही. साधं पाणी, वीस मिनिटं, वाहतं. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हे बोलायला सोपं आहे, ठाऊक आहे; मग तांब्यानं ओतत राहा, खाली घमेलं ठेवा. फक्त एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं नको, ते दुपारी हात पोळवतं. रांजणातलं घ्या.