रिचार्जमध्ये तेरावा महिना

आमच्या घरात फोन चार आणि त्यांचा कारकून मी एकटा. माझा, बायकोचा, बाबांचा आणि गावाला आईचा, सगळ्यांच्या रिचार्जच्या तारखा मला पाठ, लग्नाचा वाढदिवस मात्र फेसबुकने सांगावा लागतो. बरं पाठ करूनही उपयोग नाही कारण तारीख दरवेळी मागे सरकते. ५ जूनला मारलेलं रिचार्ज ३ जुलैला परत मारायचं आणि मग ३१ जुलैला, म्हणजे जुलैत पगार एक आणि रिचार्ज दोन.

हे सगळ्यात आधी आईने पकडलं. ती कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी रिचार्जचा पण गोल करते. डिसेंबरात गोल मोजले आणि फोन केला, "महिने बारा आणि रिचार्ज तेरा कसे रे?"

म्हटलं त्यांचा महिना २८ दिवसांचा असतो आई.

"अधिकमास पण तीन वर्षांतून एकदा येतो, यांचा दरवर्षी? आणि वाण आपणच द्यायचं? जावई आहेत का ते आपले?"

तिने पुढे हिशोब पण केला, २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, तेरा देऊनसुद्धा एक दिवस यांनी ठेवूनच घेतला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलंय की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेचा ठेवा, आणि ते आहेत हो, नाही असं नाही, पण आमच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ते शोधायला क्रिकेट, सिनेमे आणि कॉलर ट्यूनच्या खालून बोट दुखेपर्यंत स्क्रोल करावं लागतं.

बाबांचं दुःख वेगळं. त्यांनी एकेकाळी ९९९ रुपये मोजून 'लाइफटाइम' सिम घेतलं होतं आणि गावभर सांगितलं होतं की आता मरेपर्यंत बघायला नको. २०१८ च्या शेवटी मेसेज आला, इनकमिंग चालू ठेवायचं तर दर महिन्याला मिनिमम रिचार्ज करा. बाबा म्हणाले, "अरे मी आहे अजून." लाइफटाइम कुणाचं ते पावतीवर लिहिलेलं नव्हतं.

मग जुलै २०२४. सगळ्या मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, कुठे ११ टक्के तर कुठे २५, जणू काही एकाच मांडवात मुहूर्त काढला होता. आदल्या रात्री मी चारही नंबरांना जुन्या दरात आगाऊ रिचार्ज मारत बसलो, ओटीपीमागून ओटीपी, साडेअकराला बायको म्हणाली एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर.

आईच्या फोनचा घोळ मात्र राहिलाच. तिचा बटणांचा फोन आणि प्लॅनमध्ये रोज दीड जीबी डेटा. एकदा बोलता बोलता मी हे सांगून बसलो. जी बाई रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करते, भात उरला तर फोडणीला टाकते, तिने विचारलं, "मग रोजचं उरलेलं जातं कुठे?" म्हटलं रात्री बाराला संपतं. "संपतं म्हणजे? टाकून देतात?" दोन दिवस तिला ते लागून राहिलं.

शेवटी २०२५ च्या जानेवारीत ट्रायच्या आदेशामुळे नुसत्या बोलण्याचे प्लॅन आले. मी लगेच आईला ८४ दिवसांचा मारून दिला, साडेचारशेच्या वर पडला थोडा. मोठ्या अभिमानाने सांगितलं, आता डेटाबिटा काही नाही, वाया जायचं कामच नाही. ती म्हणाली ८४ म्हणजे २८ त्रिक, गोल तेच ठेवते मी. बरं आणि बोलण्याशिवाय अजून काय देतात?

आणि मी मूर्खासारखं सांगितलं, नऊशे एसएमएस.

आईने आयुष्यात एसएमएस केला नव्हता. शेजारच्या सुनेकडून दोन दिवसांत शिकली. आता ८४ दिवसांत नऊशे संपवायचे म्हणजे रोजचे दहा-अकरा होतात, तेवढे ती संपवते, आणि ती नंबर कुणाचा ओळखते तर माझाच. ऑफिसात मीटिंग चालू असताना टिंग, टिंग, टिंग. फोन करून विचारलं तर म्हणते तू लक्ष नको देऊस रे, मी नुसते संपवतेय.

हे लिहिताना आजचा आठवा आला. त्यात फक्त एक टिंब आहे.