सिलॅबसला लागलेली जेन ऑस्टिन

टीवायला इंग्लिश लिटरेचर घेतलं की घरचे विचारतात पुढे काय करणार आणि कॉलेजवाले जेन ऑस्टिन वाचायला लावतात, दोन्ही आपण निमूटपणे सोसायचं. यावेळी लागली तिची कादंबरी 'नॉर्थँगर अ‍ॅबी'. निम्म्या वर्गाने सरळ गाइड आणलं, उरलेले पीडीएफ डाउनलोड करून निवांत झाले, मी लायब्ररीची कॉपी घेतली जिच्यात कोणीतरी सुरुवातीची पानं ओळ न् ओळ पेन्सिलीने रंगवलीत आणि मग एकदम कोरं, म्हणजे बिचारा तिथेच गेला.

आणि पहिल्याच पानावर ऑस्टिनबाई सांगतात की आमची कॅथरीन नायिका वाटतच नाही. बाप पोरींना कोंडून वगैरे ठेवत नाही, आई बाळंतपणात मरायची सोडून दहा पोरांची धडधाकट आई, आणि ही चौदाव्या वर्षी पुस्तकं टाकून क्रिकेट खेळते!

मग सतराव्या वर्षी बाथ नावाच्या इंग्लंडमधल्या शहरात जाते, पडक्या वाड्यांच्या भयकथांचं, म्हणजे गॉथिक कादंबऱ्यांचं वेड लागतं, आणि पुढे एका जुन्या मठाच्या घरात पाहुणी म्हणून राहते. रात्री वादळ, काळं कपाट, कुलूप उघडता उघडेना, शेवटी आत कागदांची गुंडाळी सापडते आणि नेमकी मेणबत्ती विझते. पोरगी भीतीने अर्धमेली. सकाळी बघते तर धुण्याची बिलं! शर्ट, मोजे, वेस्टकोट, वर घोडीला पोटीस लावल्याचंही एक. स्पॉयलर दिला म्हणून ओरडू नका, पुस्तक 1817 चं आहे. तेही केवढ्या उशिरा, 1803 मध्ये एका प्रकाशकाने 10 पौंडांना हस्तलिखित घेतलं आणि छापलंच नाही, पैसे देऊन परत घ्यावं लागलं, छापून आलं तेव्हा बाई वारल्या होत्या.

पण माझा लाडका म्हणजे कॅथरीनच्या भावाचा बढाईखोर मित्र जॉन थॉर्प. कॅथरीनचा भाऊ म्हणतो 23 मैल आलो, मैलाचे दगड आणि खानावळवाले साक्षीला काढतो, तर हा म्हणतो छे, 25! का, तर माझा घोडा तासाला 10 मैलांच्या खाली जाऊच शकत नाही, घड्याळ बघा. हाच तिला ब्लेझ कॅसल नावाचा किल्ला दाखवायला नेतो, देशातला सगळ्यात जुना म्हणे. तो बांधलाय 1766 मध्ये, कुणीतरी हौसेखातर, आणि हे लोक तिथवर पोचतही नाहीत.

हे वाचून मी फिस्सकन हसले तर आई किचनमधून, "परीक्षेचं वाचतेयस ना, मग दात काय काढतेस?" तिला थॉर्पचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझा मोठा मामाच की." मामा अजूनही सांगतो की तो पुण्याहून दीड तासात साताऱ्यात असतो.

पेपरात येणार 'गॉथिक घटकांची चर्चा करा', त्यात मामा कुठे बसवायचा बघते. तुम्हाला पेपर नाहीये, तुम्ही प्रस्तावना सोडा आणि थेट सुरू करा. बाथमधल्या नाचाच्या पार्ट्या जरा रेंगाळतात, तिथे धीर धरा, थॉर्प सातव्या प्रकरणात येतो.