‘लाल मातीत सगळे सारखे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. (ताई म्हटलेलं चालत नसेल तर तसं कळवा, त्यावरही भांडू.)

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, “बरोबरच लिहिलंय की.” म्हणजे घरातूनही पाठिंबा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

इतरांसाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की तालमीत कपडे खुंटीला लागले आणि लंगोट चढला, की पेढीवाल्याचा पोरगा आणि साच्यावरच्या कामगाराचा पोरगा एकच. तिथे अंग हीच ओळख आणि अंग हीच भाषा. त्यावर ताईंचं म्हणणं असं: “घामाला जात नसते, कबूल, पण खुराकाला असते. आणि ज्यांना दारातच अडवलं त्यांना तुमची समता बाहेरूनच ऐकू आली असेल, शड्डूच्या आवाजात. असलं लिहायला आत शिरलेला पुरुषच लागतो.” पुढे पहिलवान हमीदा बानू, पंढरपूरचं मंदिर, आणि साल चुकल्याचा टोमणा.

सालाचं आधी मिटवतो. खाशाबा जाधवांचं कुस्तीतलं ऑलिंपिक पदक मी १९४८च्या लंडनचं लिहिलं होतं. लंडनला ते सहावे आले. कांस्य हेलसिंकीचं, १९५२चं. चूक झाली, दुरुस्त केली. चूक कबूल करताना माझा हात थरथरत नाही, एवढं बघून घ्या.

आता ‘शिरलेला’. शिरतो चोर. पावसाळ्यात घरात पाणी शिरतं. मी तालमीत गेलो तो नऊ वर्षांचा असताना, वडिलांचा हात धरून. ते पहाटेच्या भोंग्याला गिरणीत निघायचे, वाटेत मला तालमीच्या दारात सोडायचे. पहिले सहा महिने कुस्ती नाहीच, नुसतं खोरं. हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा खड्डा, उकरायचा, ढेकळं फोडायची, ताक-तेल-हळद मुरलेली माती पायाने सारखी करायची. ती माती बोटांच्या पेरांत इतकी बसायची की शाळेत पाटीवर लाल ठसे उमटायचे. शाळेचं निघालंच म्हणून सांगतो, मी अडखळत बोलायचो. ‘प’ आला की गाडी बंद. ‘पाणी पिऊन येऊ का’ म्हणेपर्यंत सुट्टीची घंटा व्हायची आणि वर्गासोबत मास्तरही हसायचे. तालमीत मात्र मांडीवर शड्डू ठोकला, हात पुढे केला, की जे म्हणायचं ते पुरतं म्हणून व्हायचं. समोरचा घरी तेलुगू बोलणारा असो, कानडी असो नाहीतर उर्दू. आपल्या सोलापुरात ते सगळे एकाच पेठेत भेटतात. त्याला ते समजायचं आणि तो तसंच उत्तर द्यायचा. आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणी पूर्ण ऐकून घेतलं ते त्या हौदात. तुम्ही त्याला ‘शिरणं’ म्हणता. म्हणा.

खुराकाचं म्हणाल तर मला शिकवू नका. आमच्याकडे दूध चहापुरतं यायचं. आई मूठभर शेंगदाणे रात्री भिजत घालायची, वर गुळाचा खडा. माझ्या जोडीला जो पेढीवाल्याचा मुलगा असायचा त्याला बदामाची थंडाई, तूप, सगळं. तरी मी त्याला ढाकेच्या डावावर दोनदा चीत केलं. दोनदाच, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पुढच्या वर्षी तो अंगाने असा भरला की मला हलेचना. पण दोनदा केलं ना? आणि खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं होतं. पैसा लागतो हे तालमीतल्या माणसाला तुमच्या आधी कळतं.

बायकांचा विषय वेगळा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. हमीदा बानू १९५४ साली पुरुषांना आव्हान देत होत्या, मला ठाऊक आहे. महाराष्ट्र केसरी १९६१ला सुरू झाली, महिलांची २०२३ला सांगलीत. झाली ना सुरू? मग. पंढरपूरसाठी साने गुरुजींनी मे १९४७मध्ये उपोषण केलं ते देवळाचं. तालमीत आपला मारुती असतो, तो कुणाला अडवत नाही.

याचा पुरावा म्हणून तालमीतल्या माझ्या आणखी एका जोडीदाराची गोष्ट लिहिणार होतो. वेशीपलीकडच्या दलित वस्तीतून तो यायचा. वस्ताद स्वतःच्या हाताने त्याच्या पाठीला माती चोळायचे, मान दाबून डाव शिकवायचे. नागपंचमीला आम्हा सगळ्यांना वस्तादांच्या घरी दूध असायचं. आम्ही माजघरात, हा ओट्यावर, लाजाळू होता. वस्ताद स्वतः बाहेर जाऊन त्याला दूध द्यायचे. आम्हाला पितळी पेले, त्याला काचेचा ग्लास. एवढी माया.

हे लिहिण्याआधी, तुम्ही खोट काढू नये म्हणून, काल रात्री त्याला फोन केला. तो आता नातवंडांत रमलाय. वस्तादांचं नाव काढल्यावर गहिवरला. मग मी ग्लासाचं विचारलं. थोडा वेळ काही बोलला नाही. मग हसत म्हणाला, “तो ग्लास मीच धुऊन बाहेरच्या कोनाड्यात पालथा घालायचो बे. वर्षभर तिथंच असायचा. तू बघितला नाहीस?” आणि लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी करायला लागला.

कोनाडा मला आठवतो. त्यात पणती असायची, एवढंच आठवतं.

आता याचा तुम्ही काय अर्थ लावणार ते मला इथूनच दिसतंय. लावा. पण त्याच्या पाठीवर चोळलेली ती माती मी डोळ्यांनी पाहिली आहे, तीही काही खोटी नव्हती. लेख आहे तसाच राहील. साल तेवढं बदललंय.